मोगलाईतली बातमी : बीदर–कलबुर्गी भागातील वृत्तपत्रे, नभोवाणी आणि सरकारी नियंत्रण

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या मंडळात झेंडावंदन होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर एखादे भाषण होते आणि चहापानानंतर आपण घरी जातो. गेल्या काही वर्षांत तरुण सभासदांकडून एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. आपल्या गावांत त्या वेळी काय चालले होते, हे लोकांना कळत कसे होते? वर्तमानपत्रे येत होती का? रेडिओ होता का? बातमी कोण देत होते आणि कोण अडवत होते? या प्रश्नांची उत्तरे एका ठिकाणी मिळावीत म्हणून हा माहितीपर लेख तयार केला आहे. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही. बँकेच्या नोकरीत कागद जुळवून पाहण्याची सवय लागली, तेवढीच आमची पात्रता. जे नक्की ठाऊक आहे तेवढेच येथे दिले आहे.

आपले जिल्हे तेव्हा कोठे होते

१९४८ पर्यंत बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे ८२ हजार चौरस मैल होते आणि १९४१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू, पाव हिस्सा मराठी आणि दहाव्या हिश्शाहून थोडे अधिक कन्नड बोलणारे होते. राज्यकारभाराची, न्यायालयाची आणि वरच्या शिक्षणाची भाषा मात्र उर्दू होती.

बीदर जिल्हा त्या वेळी आजच्यापेक्षा मोठा होता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके त्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्याकडे गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्याकडे आला. म्हणून आपल्यापैकी अनेकांचे आजोळ उदगीर-निलंग्याकडे, तर घर भालकी-हुमनाबादला असते. त्या काळच्या बातमीचा विचार करताना आजची राज्यसीमा बाजूला ठेवावी लागते. तेव्हाची खरी सीमा होती ती 'मोगलाई' आणि 'इंग्रजी मुलूख' यांच्यामधली. आळंदहून अक्कलकोटकडे किंवा हुमनाबाद-उमरग्याहून सोलापूरकडे जाताना ती ओलांडावी लागे.

या सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. पलीकडे कलदार रुपया चाले आणि अलीकडे हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार असा हिशेब होता. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा हाली सिक्का बंद होऊन वीस वर्षे झाली होती. तरी खेड्यातल्या शाखेत म्हातारे खातेदार जुन्या व्यवहाराची रक्कम सांगताना 'हाली की कलदार' हे आवर्जून सांगत. नाक्यावर माल तपासला जाई, तसे पुढे कागदही तपासले जाऊ लागले.

परवानगीची व्यवस्था

सेन्सॉरशिप म्हटले की लाल पेन्सिल घेऊन बसलेला अधिकारी डोळ्यांसमोर येतो. निजामी राजवटीत त्याची फारशी गरज पडत नसे, कारण बातमी तयार होण्याआधीच तिच्या वाटेवर परवानग्या उभ्या होत्या.

पहिली परवानगी छापण्याची. छापखाना काढायचा किंवा पत्र सुरू करायचे तर सरकारची पूर्वसंमती लागे आणि ती केव्हाही काढून घेता येई. दुसरी परवानगी सभेची. १९२१ च्या फर्मानाने राजकीय सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले आणि पुढे 'गश्ती निशान ५३' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने ते अधिक घट्ट केले. गश्ती म्हणजे सर्व खात्यांकडे फिरवलेले परिपत्रक आणि निशान म्हणजे त्याचा क्रमांक. घरातली वडीलधारी माणसे नुसते 'त्रेपन्न नंबर' म्हणत आणि ऐकणाऱ्याला अर्थ कळे. तिसरी परवानगी शाळेची. खासगी शाळा काढण्यासाठीही सरकारची मान्यता आवश्यक होती. चौथे बंधन बाहेरून येणाऱ्या कागदावर होते. ब्रिटिश मुलखात छापलेल्या ज्या पत्रांतून संस्थानावर टीका होई, त्यांना हद्दीत येण्यास बंदी घातली जाई.

या चार गोष्टी एकत्र ठेवल्या की परिणाम लक्षात येतो. छापायला बंदी, बोलायला बंदी, शिकवायला मान्यता आणि वाचायला नाका. म्हणूनच संस्थानातील राजकीय जागृती ग्रंथालये, साहित्य संमेलने आणि भाषिक परिषदा यांच्या आडोशाने वाढली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि ही बंदी १९४६ मध्ये उठली.

अशा हवेत मराठी पत्र चालवायचे कसे, याचे उत्तर हैदराबादेत निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या नावातच आहे. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या या पत्राचे नाव होते 'निजाम विजय'. आज ते नाव वाचून कोणी हसेल. पण मथळ्यावर राजाचे नाव घेऊन आत मराठी माणसाच्या शाळा, संस्था, परिषदा यांच्या बातम्या द्यायच्या, ही तडजोड केल्यामुळेच कितीतरी वर्षे संस्थानातल्या मराठी वाचकाच्या हाती आपल्या भाषेतले काहीतरी पडत राहिले. तेलुगूत सुरवरम् प्रताप रेड्डी यांच्या 'गोलकोंडा पत्रिके'ने १९२६ पासून हेच काम केले. उर्दूत मंदुमुल नरसिंगराव यांचे 'रय्यत' सरकारवर उघड टीका करू लागले आणि त्याला बंदीला तोंड द्यावे लागले. गळचेपी केवळ मराठी, कन्नड, तेलुगूची होती असे समजणे चूक ठरेल. राजभाषेत लिहिणारा संपादकही सुटत नव्हता.

हद्दीपलीकडचे छापखाने

जे आत छापता येत नाही ते बाहेर छापायचे आणि आत आणायचे, ही युक्ती सीमाभागात रुजली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आनंद कृष्ण वाघमारे यांचे 'मराठवाडा'. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या पत्राने संस्थानी कारभारावर थेट टीका केली. बंदी आली की वाघमारे नाव बदलून नवे पत्र काढत. त्यावर बंदी आली की आणखी एक नाव. वाचकाला नावाशी कर्तव्य नव्हते, मजकुरावरून तो ओळखे. बंदीचा हुकूम नावावर निघतो आणि नवा हुकूम निघेपर्यंत काही अंक पोहोचतात, हे कारकुनी गणित त्यांनी नीट ओळखले होते. हेच 'मराठवाडा' स्वातंत्र्यानंतर औरंगाबादहून निघू लागले, अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली नावारूपाला आले आणि १९६८ मध्ये दैनिक झाले.

आर्यसमाजाचा अनुभवही याच वळणाचा आहे. हुमनाबाद, कल्याणी, उदगीर या पट्ट्यात समाजाचे काम मोठे होते. त्यांच्या 'वैदिक आदर्श' या पत्रावर निजाम सरकारने १९३५ च्या सुमारास बंदी घातली आणि पुढे प्रचाराचे केंद्र सोलापूरला हलले. उदगीरचे वकील भाई श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी घडलेली ही घटना होती. तिच्याविषयी मोकळेपणाने छापता येत होते ते फक्त हद्दीबाहेर.

म्हणजे सोलापूर ही आपली बातमीची खिडकी होती. पण ती खिडकीही नेहमी उघडी नव्हती. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या कायद्याखाली शिक्षा झाली. १२ जानेवारी १९३१ रोजी ज्या चार सोलापूरकरांना फाशी देण्यात आले, त्यांतील कुर्बान हुसेन हेही 'गझनफर' या पत्राचे संपादक होते. इंग्रजी मुलखात स्वातंत्र्य होते असे नव्हे. दोन सरकारांचे हुकूम वेगवेगळे असल्यामुळे मधल्या फटीतून कागद सरकत होता, इतकेच.

या फटीचा आणखी एक नमुना गुलबर्ग्यातून जाणाऱ्या मुंबई–मद्रास लोहमार्गाचा आहे. रेल्वेच्या जमिनीवरील अधिकार करारान्वये ब्रिटिशांकडे होता. त्यामुळे फलाटावरचा कायदा एक आणि स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरचा दुसरा. घरची म्हातारी माणसे सांगत की, स्टेशनवर वर्तमानपत्र वाचता येई, पण ते घरी आणायचे म्हणजे धोतराच्या घडीत. बीदरकडच्या खेड्यांना ही सोय नव्हती. तेथे पत्र पोहोचायचे ते आडमार्गाने, ज्वारीच्या पोत्यातून किंवा लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर, आणि मग एकाने वाचायचे व दहांनी ऐकायचे. हे आम्ही ऐकलेले सांगत आहोत. कागदोपत्री पुरावा दाखवता येणार नाही. पण वेगवेगळ्या गावच्या माणसांनी जवळजवळ एकाच शब्दांत सांगितलेले आहे.

निजामाची नभोवाणी

हैदराबादमध्ये नभोवाणी खासगी प्रयत्नातून १९३३ मध्ये सुरू झाली. दोनच वर्षांत, १९३५ मध्ये, निजाम सरकारने ती ताब्यात घेतली. १९३९ मध्ये सरूरनगर येथे ५ किलोवॅट शक्तीचे नवे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. पुढे औरंगाबादलाही लहान केंद्र झाले. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नडमधूनही कार्यक्रम होत. संगीत, शेती, आरोग्य यांबाबत या केंद्रांचे काम चांगले होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

बातम्यांचे मात्र वेगळे होते. वर्तमानपत्राला निदान संपादक असतो, त्याच्यावर बंदी घालावी लागते. नभोवाणीवर बंदी घालण्याची वेळच येत नाही, कारण ती सरकारचीच. रेडिओसंचही फार थोड्या घरांत होते. देशमुख, मोठे व्यापारी, अधिकारी यांच्याकडे बॅटरीवर चालणारा एखादा संच असे. म्हणजे काय सांगायचे हे सरकार ठरवी आणि कोणी ऐकायचे हे संचाची किंमत ठरवी. पण याच संचावर काटा फिरवला की दिल्ली आणि मुंबईही लागत असे. नाक्यावर वर्तमानपत्र अडवता येते, लहरी अडवता येत नाहीत. १९४७–४८ मध्ये ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

१९४७–४८ : बातमीचा जीव

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नाही. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पुढच्या काळात लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांचा जोर वाढत गेला. स्टेट काँग्रेसने सोलापूर, मनमाड, गदग, बेजवाडा अशा हद्दीबाहेरच्या गावांतून लढा चालवला. आतली बातमी बाहेर नेणे आणि बाहेरची आत आणणे हे या केंद्रांचे एक मोठे काम होते.

मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटा गावी रझाकारांनी हत्याकांड केले. सुमारे दोनशे माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. आज तेथे स्मारक आहे. गोरटा हे नाव आपल्याकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे, ते वर्तमानपत्रामुळे नव्हे. जीव वाचवून पळालेल्या माणसांनी ते गावोगावी नेले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. ते 'इमरोझ' या उर्दू दैनिकाचे संपादक होते. वय जेमतेम सत्तावीस. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि जबाबदार राज्यपद्धती यावी, असे ते उघडपणे लिहीत. सात मुस्लिम नेत्यांनी विलीनीकरणाच्या बाजूने काढलेले पत्रक त्यांनी छापले होते. २१ ऑगस्टच्या मध्यरात्री कचेरीतून घरी परतत असताना त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचा हात तोडण्यात आला. लिहिणारा हात तोडायचा, हा त्यामागचा इशारा सर्वांना समजला. आपल्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत हे नाव क्वचितच येते, ते यायला हवे. मुक्तिसंग्रामात पत्रकारितेसाठी प्राण देणारा हा सर्वांत परिचित माणूस उर्दूत लिहिणारा मुसलमान होता, हे आपल्या मुलांना ठाऊक असणे गरजेचे आहे.

१७ सप्टेंबरचे भाषण

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद या मार्गाने हैदराबादकडे गेली. म्हणजे या कारवाईचा रस्ता आपल्या दारावरून गेला. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. ती जाहीर झाली नभोवाणीवरून. भारत सरकारचे हैदराबादमधील प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांनी नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार, निजाम मीर उस्मान अली खान नभोवाणी केंद्रावर बोलायला येण्याची ती पहिलीच वेळ होती. तेरा वर्षे सरकारी मालकीची असलेली नभोवाणी राजाने स्वतः प्रथम वापरली, ती शस्त्रे खाली ठेवल्याचे सांगण्यासाठी. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली.

आपली नेहमीची भाषणे येथे संपतात. या लेखाला मात्र पुढे जावे लागेल.

न छापलेला अहवाल

पोलीस ॲक्शननंतर संस्थानाच्या काही भागांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या. पंतप्रधान पंडित नेहरूंच्या इच्छेवरून पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्यासह एक सद्भावना मंडळ नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरले. काझी अब्दुल गफार हे स्वतः हैदराबादच्या 'पयाम' या उर्दू दैनिकाचे संस्थापक संपादक. या मंडळाच्या अहवालात कमीत कमी धरून २७ ते ४० हजार माणसे पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर मारली गेली, असा अंदाज दिला आहे. सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नमूद केले आहेत : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांतील मृतांचा आकडा अठरा हजारांच्या आसपास सांगितला आहे. आधी रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची नोंद त्यात आहे, आणि शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही आहे.

हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. आकड्यांबद्दल त्या वेळीही मतभेद होते. सरदार पटेलांना मंडळाची भूमिकाच मान्य नव्हती. पण मतभेद असलेला अहवालही छापून त्यावर चर्चा होऊ शकते. तसे झाले नाही. १९८८ मध्ये ओमर खालिदी यांच्या संकलनातून त्याचा काही भाग बाहेर आला. २०१३ मध्ये तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहण्यास मिळू लागला आणि त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातही छापला गेला. मधली पासष्ट वर्षे आपल्याच दोन जिल्ह्यांविषयीचा हा कागद आपल्याला वाचायला मिळाला नाही.

नोकरीत असताना आमची काही वर्षे बीदर जिल्ह्यातील खेड्यांच्या शाखांत गेली. खाते उघडताना वयाचा दाखला नसलेली माणसे येत. जन्मसाल विचारले की उत्तर ठरलेले असे : 'रझाकाराच्या साली मी गुरं राखायचो', 'ॲक्शन झाली तेव्हा लगीन झालं होतं'. त्यावरून आम्ही साल काढून फॉर्म भरत असू. एकदा एका वृद्ध खातेदाराला सहज विचारले, ॲक्शननंतर गावात काय झालं हो? त्यांनी अंगठा पुसत इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, 'साहेब, ते राहू द्या. पासबुक द्या.' आमच्या स्वतःच्या घरीही तसेच. रझाकारांच्या गोष्टी वडील रात्र रात्र सांगत. पुढच्या दोन महिन्यांचा विषय निघाला की, 'झोपा आता', एवढेच. तेथे कोणतीही गश्ती नव्हती, कोणताही नाका नव्हता.

पहिल्या सेन्सॉरशिपबद्दल आपण अभिमानाने बोलतो, कारण ती आपल्याविरुद्ध होती. दुसरीत आपण सहभागी होतो. माहितीपर लेखात दोन्हींची नोंद असली पाहिजे, एवढ्यासाठी हा भाग थोडा विस्ताराने दिला.

आणीबाणी आणि गावातला पहिला टीव्ही

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लागू झाली. संपादकीयाची जागा कोरी सोडून निषेध करण्यालाही पुढे मनाई झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था करण्यात आली. निजामी तुरुंगवास भोगलेले अनंत भालेराव या वेळी स्वतंत्र भारताच्या तुरुंगात गेले. 'साधना' साप्ताहिकाने सेन्सॉरच्या हुकुमांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने मिनू मसानी यांच्या प्रकरणात सेन्सॉरच्या अधिकारांना मर्यादा असल्याचा निकाल दिला.

आपल्या भागात याच वेळी एक वेगळी गोष्ट घडत होती, जिची आठवण फारशी काढली जात नाही. १ ऑगस्ट १९७५ रोजी उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग सुरू झाला. तो वर्षभर चालला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली होती. कर्नाटकातील निवडलेले जिल्हे होते गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. छपरावर जाळीची मोठी तबकडी, शाळेत किंवा पंचायतीत एक संच, सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी सर्वांसाठी कार्यक्रम. शेतीची, आरोग्याची माहिती कन्नडमध्ये मिळे आणि राष्ट्रीय कार्यक्रम व बातम्या दिल्लीहून येत. मुंबई-पुण्याबाहेरच्या कित्येक शहरांनी टीव्ही पाहिला नव्हता, तेव्हा गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांनी तो पाहिला. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्र झाले.

प्रयोगाची आखणी आणीबाणीच्या कितीतरी आधीची, त्यामुळे हा योगायोग म्हणावा लागेल. पण त्याचा अर्थ असा की, या खेड्यांतल्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा चित्रासह पाहिलेल्या बातम्या पूर्ण सरकारी नियंत्रणातल्या होत्या. आम्ही त्या वेळी मॅट्रिकच्या वयाचे होतो. नातेवाइकांच्या गावी पटांगणात बसून संच पाहिल्याचे आठवते. बातम्यांत सर्व काही सुरळीत चाललेले असे. शेजारी बसलेले काका मात्र रात्री दार लावून रेडिओवर बीबीसी शोधत. त्यांच्या वडिलांनी १९४८ मध्ये हेच केले होते, फक्त तेव्हा ते दिल्ली शोधत होते.

आजची स्थिती

गुलबर्ग्याचे आकाशवाणी केंद्र १९६६ पासून चालू आहे. प्रसारण सरकारच्या हातून काढून स्वायत्त संस्थेकडे द्यावे, ही शिफारस चंदा समितीने १९६६ मध्ये आणि व्हर्गीस समितीने १९७८ मध्ये केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. तरीही खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याचीच मुभा त्यांना आहे. वृत्तपत्र काढायला आज परवानगी लागत नाही, नोंदणी पुरते. रेडिओवरून बातमी सांगायला मात्र अजून सरकारच लागते.

थोडक्यात कालपट

१९२० : हैदराबादेत 'निजाम विजय' साप्ताहिक सुरू.
१९२१ : सभांवर पूर्वपरवानगीचे फर्मान, पुढे गश्ती निशान ५३.
१९३३–३५ : खासगी नभोवाणी सुरू, नंतर सरकारच्या ताब्यात.
१९३८ : 'मराठवाडा' पत्राचा प्रारंभ, स्टेट काँग्रेसवर बंदी.
१९३९ : सरूरनगर प्रक्षेपण केंद्र.
मे १९४८ : गोरटा हत्याकांड.
ऑगस्ट १९४८ : शोएबुल्ला खान यांची हत्या.
१७ सप्टेंबर १९४८ : निजामाचे नभोवाणीवरील भाषण.
नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ : सुंदरलाल मंडळाचा दौरा.
१९५० : हैदराबाद, औरंगाबाद केंद्रे आकाशवाणीत.
१९५६ : बीदर जिल्ह्याची विभागणी.
१९६६ : आकाशवाणी गुलबर्गा.
१९७५–७७ : आणीबाणी, साइट प्रयोग, गुलबर्गा दूरदर्शन.
२०१३ : सुंदरलाल अहवाल वाचकांना उपलब्ध.

सभासदांना विनंती

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. आपल्या ओळखीत अशी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांच्या घरी कोणी असेल त्यांनी मोबाइलवर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवावे. जुने अंक, पत्रके, पत्रे असतील तर त्यांची छायाचित्रे मंडळाकडे द्यावीत, मूळ कागद घरीच ठेवावा. उर्दू मोडकेतोडके वाचणारे सभासद मदतीला आहेत. ज्या मुस्लिम कुटुंबांशी आपला घरोबा आहे, त्यांच्याकडच्या आठवणीही याच संग्रहात घ्यायच्या आहेत. आणि विचारताना १७ सप्टेंबरला थांबू नये. पुढचे दोन महिनेही विचारावेत. 'राहू द्या' असे उत्तर आले, तर तेवढेच तारीख घालून लिहून ठेवावे.